मैदानातली भेग

"सिदी जा, पुनम, सिदी!" कठड्याला धरून कहकशाँ ओरडली. पण पुनमचे पाय वळलेच. नागपूरच्या निवड चाचणीतल्या त्या गुळगुळीत फरशीवर वळावं असं काहीही नव्हतं. वळताना वेग गेला, उडी अर्धवट झाली, आणि अठ्ठ्याण्णवच्या राज्य संघातली तिची जागाही गेली.

पुनम का वळली, हे त्या दोघींनाच ठाऊक. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या मैदानाला मधोमध भेग होती. खाणीत सुरुंग उडाले की ती आणखी फाकायची. कहकशाँ तिथेच चाकांच्या बुटांवर फिगर स्केटिंग शिकली, राज्यात दुसरी आली, आणि गुडघा गेल्यावर तिथेच पोरींना शिकवू लागली. भेग बुजवा म्हणून ऑफिसात खेटे घालून थकली. शेवटी तिने सगळा नाचच भेगेला वळसा घालून बसवला. केवढी हुशारी वाटली होती तेव्हा!

"मले मालूम होतं दीदी, तिथी भेग नाई," परतताना पुनम म्हणाली. "पण पायच आयकले नाई."

यंदा निवड झाली नाही तर स्केटिंग बंद आणि लग्न, असं तिच्या वडिलांनी, अजयभाऊंनी, आधीच बजावलं होतं. आठवड्याने ते तिचे स्केट्स परत द्यायला आले. स्केट्स कहकशाँचेच, जुने.

"भाऊ, गलती माही हाय, तिची नाई. अजून एक साल द्या."

"पाहुणे येऊन गेले, बाई. तुमी लय केलं पोरीसाठी." ते चपलेकडे बघत राहिले. "रडून राह्यली घरी. पन आता आमी होकार देल्ला."

ते गेल्यावर कहकशाँने घमेलं आणि थापी आणली. स्वतः सिमेंट कालवून भेग बुजवली. हे इतक्या वर्षांत का केलं नाही, म्हणून तिला स्वतःची भयंकर चीड आली. पुन्हा फुटेल तर फुटू दे, पुन्हा भरू.

सिमेंट वाळल्यावर पोरी मैदानात उतरल्या. एकजात सगळ्या मधोमध येऊन वळल्या.

"काऊन वळता गं? काईच नाई इथी आता. थांबा, मी दाखवतो."

तिने तेच स्केट्स चढवले. परत देण्याआधी पुनमने चाकं घासूनपुसून लख्ख केली होती. गुडघा कुरकुरला, तरी वेग आला. तिने हात पसरले. नवं सिमेंट समोर आलं, आणि तिचे पाय वळले.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, दीदी नाच दाखवते आहे.