ऋताचे हात

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी झाशीच्या खंडेराव गेटजवळच्या एका मराठी घरात देवीपुढे फुंकलेल्या घागरी घुमू लागल्या आणि सात वर्षांच्या ऋताचे दोन्ही हात एकदम बाजूला उडाले. बोटं फाकली, मान मागे गेली, श्वास घशातच अडकला. मग ते हात छातीशी आले आणि हवेतलंच काहीतरी घट्ट धरून थरथरत राहिले.

तिच्या आईला, अनुयाला, हे नवं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं की पोरीचं असंच व्हायचं. शाळेतल्या मॅडमनी त्याला ‘नखरे’ म्हणून टाकलं होतं. महिन्यापूर्वी प्रेम नगरातल्या थेरपिस्ट शिल्पाजींनी ऋताला आडवं घेऊन तिचं डोकं हातभर नाही, जेमतेम दोन बोटं खाली सोडून पाहिलं, तेव्हाही हात असेच उडाले होते.

“मम्मी, ये ज़िद नहीं है,” त्या म्हणाल्या होत्या. “नवजात बच्चा ऐसे ही चौंकता है. चार-छह महीने में चला जाता है. इसका रह गया.”

रोज हळूहळू व्यायाम, घट्ट मिठी आणि मुद्दाम दचकवायचं तर मुळीच नाही, असं त्यांनी बजावलं होतं. कधी बरं होईल, याचं वचन दिलं नव्हतं.

सासूबाईंना मात्र अनुयाने ‘अक्षर सुधारायला नेते’ एवढंच सांगितलं होतं. पोरीत काही खोट आहे, हे त्यांच्यापुढे बोलायची तिला भीड वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही. आजही तिने ऋताला कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसवलं होतं; पोर आईला शोधत नेमकी घागरींपुढे येऊन उभी राहिली.

“आली गं बाई, आली!” सासूबाई, शकुंतलाबाई, घागर टाकून नातीच्या पायांशी बसल्या. चाळीस वर्षं त्या घागर फुंकत होत्या. देवी त्यांच्या अंगात एकदाही आली नव्हती. आता त्यांच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहत होतं. ते पाणी पाहून अनुयाला खरं काय ते सांगवेना. तिने पोरीला उचललं आणि आत नेलं.

दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे साऱ्या झाशीत कन्यापूजन. रातोरात गल्लीभर झालं होतं, ‘अम्मा की बिन्नू पे मैया आईं’, शकुंतलाबाईंच्या नातीच्या अंगात देवी आली. नऊ वाजेपर्यंत नारळ आणि चुनऱ्या घेऊन दहा-बारा बायका दिवाणखान्यात जमल्या. अनुयाला वाटलं, पाय धुतील, कुंकू लावतील, हलवा-पुरी देऊन जातील. ती पुऱ्या तळायला गेली. आपल्याच मनाची अशी समजूत घालण्यात ती पटाईत होती.

ऋता लाल चुनरी घेऊन पाटावर गुपचूप बसली होती. देवीचं काही चिन्ह दिसेना. बायका चुळबुळू लागल्या.

“अम्मा, मैया रूठ गईं का?”

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. अनुया पुऱ्यांचं ताट घेऊन दारात आली, तेव्हा त्या नातीच्या मागे उभ्या होत्या. एका हातात पितळी थाळी, दुसऱ्यात पळी.

ठण्ण!

हात उडाले. “जय हो मैया!” बायकांनी माथे टेकले. “मैया, हमाये लल्ला की नौकरी कब लगेगी?”

ऋताने चुनरीत तोंड लपवलं. शकुंतलाबाईंनी पळी पुन्हा उचलली आणि अनुयाच्या लक्षात आलं. हे आता थांबणार नव्हतं. दर मंगळवारी, दर नवरात्रात, कुणीतरी हिच्या मागे उभं राहून थाळी वाजवणार होतं.

तिने ताट खाली ठेवलं आणि सासूचं मनगट धरलं. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

“आई, हिच्या छातीवर हात ठेवा.”

“सोड. देवीपुढं असं—”

“ठेवा ना हो आई, एकदाच.”

शकुंतलाबाईंनी पळी तिच्याकडे दिली आणि हात ठेवला. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

“अगं, केवढं धडधडतंय हिचं!”

“देवी भिते का हो आई?” अनुयाला रडू आवरेना. “तान्ही बाळं दचकतात ना, तेच हिच्यात राहून गेलंय. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

“म्हणजे काल...?”

“कालही भ्यालीच होती.”

शकुंतलाबाईंनी पदराची घडी केली, जमिनीवर ठेवून तिच्यावर थाळी अशी टेकवली की जराही आवाज झाला नाही. मग बायकांकडे वळल्या. “मैया-वैया कुछ नहीं आईं. बच्ची डर गई है. आप लोग जाइए.”

बायका कुजबुजत उठल्या. नारळ तिथेच राहिले. शकुंतलाबाई नातीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि तिच्या केसांवरून फिरवायला त्यांनी रिकामा हात उचलला.

तो हात वर येताना पाहूनच ऋताचे दोन्ही हात फाकले. या वेळी काहीच वाजलं नव्हतं.