मेंढवाड्यावरचा कॅमेरा

मित्रांनो, मला जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. दोनच हिवाळे पाहिलेत मी. तरीही मी वाया गेलेला कॅमेरा आहे, आणि वाया कसा गेलो ते तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या खोक्यावर छापलं होतं की वायर नको, बॅटरी एकदा भरली की कित्येक महिने बघायला नको. लेहमध्ये टॅक्सी चालवणाऱ्या रिगझिनने ते वाचून मला विकत घेतलं आणि वर गावी, आपल्या आईच्या मेंढवाड्यासमोर खांबावर बसवलं. त्याची आई कुन्झेस तिथे एकटी राहायची. तिच्या चौदा बकऱ्या होत्या, आणि शान, म्हणजे हिमबिबट्या, गावात फिरू लागला होता.

"अमा-ले, तो आला की तुझा फोन वाजेल," रिगझिन म्हणाला. "तू नुसता आरडाओरडा करायचास, तो पळतो. पण बकऱ्या गेल्या, तर तू माझ्याबरोबर लेहला. मग तुझं एक ऐकणार नाही मी."

"तुझ्या त्या दोन खोल्यांत? त्यापेक्षा शाननं मलाच न्यावं!"

त्याच हिवाळ्यात एका पहाटे शान भिंतीवर चढला. मी फोन वाजवला, अमाने परात बडवली आणि तो पळाला. गावभर माझं कौतुक झालं. मी हुरळून गेलो, खोटं कशाला सांगू?

त्या कौतुकानेच घात केला. लोसरला, नव्या वर्षाच्या दिवशी, अमाने माझ्या खांबापासून मेंढवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत लुंगता बांधली. लुंगता म्हणजे मंत्र छापलेल्या रंगीत पताका.

"सगळ्यांची राखण हा करतो, मग ह्याची कोण करणार?" ती म्हणाली.

समोर काही हललं की मी जागा होतो, चित्रण करतो आणि कळवतो. एवढंच मला येतं. पताका आणि शान यांतला फरक मला कळत नाही. वारा पडेपर्यंत त्या फडफडायच्या आणि मी उठत राहायचो. माझी बॅटरी चार दिवसांत संपू लागली. गारठ्यात तर ती माझ्या डोक्यावरच्या सौरपट्टीवर उन्हानेही भरेना. अमा मग बॅटरी काढून घरात न्यायची आणि झग्याच्या आत, पोटाशी धरून ऊब द्यायची.

"त्या पताका सोड तिथून," रिगझिन फोनवर ओरडला.

"लुंगता म्हणजे काय वाळत घातलेले कपडे आहेत? वाऱ्यानं विरेपर्यंत हात लावायचा नसतो, एवढंही विसरलास लेहला जाऊन?"

"बरं बाई, मग कॅमेऱ्याचं तोंड तरी वळव. एकच स्क्रू आहे."

"आणि मोडला तर? तूच ये."

"येतो गं. पर्यटकांचा हंगाम संपू दे."

हंगाम संपला. रिगझिन आला नाही. पुढच्या लोसरला अमाने मोठ्या श्रद्धेने पताकांची आणखी एक माळ बांधली.

माघातली सकाळ होती. नेहमीप्रमाणे बकऱ्यांकडे जाण्याआधी ती माझ्याकडे आली. रात्रभर घरात पोटाशी धरून गरम केलेली बॅटरी तिने बसवली. मी डोळा उघडला. मेंढवाड्यात चौदाही बकऱ्या पडलेल्या होत्या आणि रक्त गोठलेलं होतं. अमाची पाठ अजून तिकडे होती. ती वळली, तशी मी हालचाल टिपली आणि तिच्याच खिशातला फोन वाजवला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

स्क्रू पिळायला वर्षभर सवड नसलेला रिगझिन दोन दिवसांत आला. तो मला काढू लागला, तेव्हा अमाने त्याचा हात धरला.

"राहू दे त्याला. घराला कुणीतरी हवं."

मग ती गाडीत बसली. या वेळी तिने वाद घातला नाही.

मित्रांनो, तुमच्या दारावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्यापुढे काय हलतं ते आज पाहा. फांदी असेल, दोरीवरचं धोतर असेल. त्याचं तोंड जरासं वळवा. त्याला फुकट जागवू नका. उद्यावर टाकू नका.

माझ्यासाठी आता काही करण्यासारखं नाही. उन्हाळा आला, पताका विरून गेल्या, बॅटरी उन्हाने काठोकाठ भरली. मेंढवाड्यात काहीच हलत नाही, त्यामुळे ती उतरतही नाही.