पुढचा ब्रेक धरू नकू

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक आहे. हल्ली मी बीदरच्या मैलूर भागात, पिराजींच्या पडवीत एका खिळ्याला टांगलेला असतो. माझी मूठ गंजली आहे आणि तार खाली लोंबते. ज्या गाडीला मी थांबवायचो ती समोरच्या भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर आता वाळवणाच्या चादरी पडतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी फार ताठ होतो. एका बोटाच्या इशाऱ्यावर चाक धरून ठेवायचो. पण आमच्या या भागात पुढच्या ब्रेकच्या नशिबी मान नाही. नवी गाडी घरी आली की कुणी चाकाखाली लिंबू ठेवतं, कुणी आधी बुद्धवंदना घेतं. त्यापुढची रीत मात्र सगळ्या घरांची एकच. घरातलं मोठं माणूस पाना घेऊन खाली बसतं आणि माझा नट फिरवून मला ढिलं करतं. पुढचा ब्रेक धरला की माणूस डोक्यावरून उलटतो, असं इथं लहानपणापासून सांगतात. ज्याच्यावर जीव जास्त, त्याच्या गाडीचा ब्रेक जास्त ढिला.

मला बुद्धरत्ननं आणलं. तो पिराजींचा धाकटा भाऊ. त्यानं मला ढिलं करू दिलं नाही. एकदा पिराजींना मागे बसवून तो मन्नाएखेळ्ळीकडे निघाला होता. वळणावर मुरूम सांडलेला होता. वळणात गाडी तिरकी झालेली असतानाच त्यानं मला एकदम आवळलं. पुढचं चाक निसटलं आणि त्याचं तोंड रस्त्यावर घासत गेलं. जबडा पुन्हा सरळ झाला नाही. पुढे तो हैदराबादला निघून गेला आणि गाडी भावाकडे राहिली. पिराजींनी सरकारी बस आयुष्यभर चालवली होती, कधी कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं. त्या माणसानं भावाचं रक्त पुसलं आणि त्याच हातानं माझा नट सोडला. मग कितीतरी वर्षं मी नुसता शोभेला होतो.

मला पुन्हा जागं केलं ते त्यांच्या मुलीनं, दीपमालानं. तिला मातीवरच्या शर्यतीचं वेड लागलं होतं. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर संगमेश अण्णांचं गॅरेज आहे. एकेकाळी ते स्वतः शर्यती जिंकायचे, आता शिकवतात. त्यांनी मला खोलून साफ केलं, नवे लायनर बसवले, नवी तार ओवली. अंगात तेल गेलं तेव्हा मला पुन्हा कारखान्याची आठवण आली.

अण्णा शिकवण्यात निष्ठुर होते. माळावरच्या लाल मुरमात त्यांनी वळणं आखली आणि पहिल्याच आठवड्यात गाडीचा पायातला ब्रेक काही दिवसांसाठी काढून ठेवला, म्हणजे दीपमालाला माझ्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ती पडली की बाकीची पोरं हसायची. अण्णा त्यांना हसू द्यायचे, आणि गाडी कुणाला उचलू द्यायचे नाहीत.

"वळणात ब्रेक मारायलीस व्हय? वळणाच्या आधी मार, गाडी सरळ असताना. आन् लिंबू पिळतीस तसं पीळ त्याला. ठेचू नकूस."

ती रडवेली होऊन वळणाबाहेरच्या बाभळीकडे बघायची. अण्णा म्हणायचे, "बघशील तिकडंच गाडी जाती. बाभळीशी लगीन लावायचंय का तुला?"

हळूहळू तिची बोटं शहाणी झाली. वळणाआधी मी सावकाश आवळला गेलो की गाडीचा सगळा भार पुढे येतो आणि पुढचं चाक मातीत घट्ट बसतं. मग वळणात शिरता शिरता मला अलगद सोडायचं, पुढे सरकून टाकीला चिकटून बसायचं, आतला पाय पुढे काढायचा, बाहेरच्या पायावर वजन द्यायचं आणि नजर वळणाच्या शेवटावर ठेवायची. हे सगळं तिला जमायला लागलं. पोरं जिथं ब्रेक मारायची त्याच्या कितीतरी पुढे जाऊन ती मला धरायची आणि तेवढ्या अंतरात त्यांना मागे टाकायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. जिची अक्कल आपल्यापर्यंत बोटांतून पोचते, अशी मालकीण फार थोड्या ब्रेकांना मिळते.

पिराजी मात्र रोज तिला निघताना सांगायचे, "पुढचा ब्रेक धरू नकू गं माय." ती व्हय म्हणायची आणि निघायची.

निंबर्ग्याची शर्यत आली. तूर काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात वाट आखली होती. बेंगळूरुच्या एका संघाची माणसं बघायला आली होती, आणि पहिल्या दोघांना ते घेऊन जाणार होते. दीपमालानं त्या वर्षी दुसरं काही मागितलं नव्हतं.

सकाळी अण्णांनी मला तपासलं, दाबून बघितलं, मान हलवली. मग आयोजकांनी सगळ्या स्पर्धकांना सूचना ऐकायला बोलावलं. दीपमाला पिराजींना म्हणाली, "पप्पा, गाडीकडं बघा जरा." पिराजी गाडीपाशी उभे राहिले. काळ्या मातीच्या उकरलेल्या भेगा त्यांनी बघितल्या. शेवटच्या वळणाबाहेर तुरीची टोकदार धसकटं उभी होती, तीही बघितली. मग त्यांनी खिशातून पाना काढला आणि माझा नट सोडला. काम झाल्यावर त्यांनी माझी मूठ मायेनं पुसलीसुद्धा.

रांगेत उभी राहिल्यावर दीपमालानं सवयीनं मला दाबलं. मी पोकळ गेलो. तिनं मान वळवून अण्णांना शोधलं, तेवढ्यात झेंडा पडला.

तरी ती लढली. पायातल्या ब्रेकवर, प्रत्येक वळणाला लवकर वेग तोडत ती तिसरी राहिली. शेवटच्या फेरीत पुढचा पोरगा हातभर अंतरावर होता. शेवटचं वळण उरलं. तिथं त्याला गाठायचं तर उशिरा ब्रेक मारणं एवढी एकच वाट होती. तिच्या बोटांना तेवढंच येत होतं. त्यांनी मला पिळलं, अगदी शिकवलं होतं तसं, सावकाश आणि शेवटपर्यंत. मूठ हँडलला टेकली. चाक फिरतच राहिलं. तिनं घाबरून पाय दाबला, मागचं चाक आडवं झालं आणि गाडी तिला घेऊन धसकटात गेली. मागून येणाऱ्याला थांबता आलं नाही. तो तिच्या गुडघ्यावरून गेला.

कलबुर्गीच्या दवाखान्यात तो गुडघा वाचला म्हणतात, पण आता तो वाकत नाही. अण्णा भेटायला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं शिकवलो तुला. ऐन वेळी घाबरलीस आन् बोटं उचललीस." गाडी लगेच घरी नेलेली होती, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. पडण्याच्या धक्क्यानं दीपमालाला त्या दिवसाचं धड काही आठवत नव्हतं, तिनं ते खरं मानलं. किती महिने ती अंथरुणात पडून स्वतःच्या बोटांकडे बघायची, असं तिची आई पार्वतीबाई शेजारणीला सांगत होती.

मग एक दिवस ती काठी टेकत पडवीत आली आणि तिनं मला दाबलं. पुन्हा दाबलं. खाली वाकून नट बघितला.

"पप्पा, नट कुणी सोडला?"

पिराजी तिथंच तांदूळ निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "मीच सोडलो की. निंबर्ग्याला. न्हाई तर तू गेली असतीस त्या दिवशी."

"सांगायचं तरी होतं."

"सांगितलो असतो तर तू घट्ट केली असतीस."

तिनं त्यांच्यापुढच्या तांदळाकडे बघितलं. ते तिच्यासाठीच भात टाकणार होते. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी पिराजींनी मला गाडीवरून उतरवलं आणि या खिळ्याला टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवतात आणि म्हणतात, आधीच पुरता काढून टाकला असता तर पोरीचा पाय वाचला असता. ते अगदी मनापासून म्हणतात. दीपमाला आत बसून ऐकते.

मित्रांनो, मला तेल द्या, माझी तार बघत जा, मला हळू पिळा. भीती वाटत असेल तर गाडीवर बसू नका. आणि तुमच्या लाडक्या माणसाचा ब्रेक ढिला करायचाच असेल, तर त्याला सांगून करा. तो भांडेल, तुमच्या हातातून पाना हिसकावून घेईल. घेऊ द्या.