फांद्यांच्या टोकाशी

ती घरात धाकटी, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. विद्यापीठातही तेच नाव तिच्या मागे आलं, कारण पहिल्या दिवशी ताई तिला सोडायला आली होती आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिने “धाकटे, डबा राहिला!” अशी हाक मारली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. धाकटीची पीएचडी संपत आली होती, प्रबंधाचे तीन अध्याय लिहून तयार होते आणि चौथ्याचं घोडं एका वाक्यावर अडलं होतं.

वाक्य खुद्द तिच्या सरांचं. त्यांच्या तरुणपणीच्या एका गाजलेल्या शोधनिबंधात, सातव्या पानावर एक लेमा होता. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाच्या आधी बांधून घेतलेली छोटी पायरी. त्याची सिद्धता अर्ध्यावर आली की सरांनी लिहिलं होतं, ‘यावरून सहज दिसते की हे कुठल्याही झाडासाठी खरे आहे.’

धाकटीला ते दिसत नव्हतं. सहज तर नाहीच, पण डोळे ताणूनही नाही.

झाड म्हणजे तारांचं झाड. एक तार हे खोड. तिच्या टोकाला दोन तारा, त्यांच्या टोकांना आणखी दोन-दोन, आणि असंच पुढे, न संपता. या तारांवर कुठेतरी उष्णता दिली की ती पसरत जाते, सांध्यापाशी वाटली जाते, थोडी मागे फिरते, थोडी पुढे सरकते. या पसरण्याचं गणित मांडलं की त्यातून वर्णपट निघतो: झाडाचे स्वतःचे असे आकडे, ज्यांवरून ते किती झपाट्याने थंड होईल हे कळतं. सरांचा लेमा सांगत होता की सांध्यांवरचे नियम एकदा ठरवले की वर्णपट ठरलाच, वेगळं काही सांगायची गरज नाही. धाकटीचा चौथा अध्याय याच लेम्यावर उभा होता. तिने तो वापरताना कधी उलटून तपासलाही नव्हता. आपल्या गुरूचा लेमा कोण तपासतं? आता प्रबंध द्यायचा म्हणून सगळं नीट मांडायला बसली, तर पायरीच हलायला लागली.

ती सरांकडे गेली. सर नेहमीप्रमाणे उभेच होते. एका हातात फोन, दुसऱ्यात कोट, नजर दाराकडे.

“सर, सातव्या पानावरचं ते वाक्य...”

“अगं, ते सोपं आहे.”

“मला जमत नाहीये.”

“शांतपणे बस. तू घाई करतेस, हाच तुझा प्रॉब्लेम आहे,” असं म्हणून ते घाईघाईने बैठकीला निघून गेले.

धाकटी शांतपणे बसली. मग अशांतपणे बसली. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. तिच्या खोलीत आणखी एक संशोधक बसायचा. विचार करताना पेन्सिली कुरतडायची त्याला खोड, म्हणून त्याला सगळे पेन्सिल म्हणत. त्याने काही दिवस हा तमाशा निमूटपणे पाहिला, मग एकदा म्हणाला, “तू फळ्याशी भांडतेयस की बोलतेयस?”

“दोन्ही. तो उत्तर देत नाही.”

घरी वेगळीच तऱ्हा. ताई दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि शेजारपाजारी कौतुकाने सांगायची की आमची धाकटी झाडांवर संशोधन करते. त्यामुळे एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकू पिवळ्या पडलेल्या रोपाची कुंडी घेऊन दारात हजर.

“याला काय झालंय, सांगशील का गं?”

“काकू, माझी झाडं वेगळी असतात.”

“फळझाडं का?”

ताई आत ओट्याशी तोंड दाबून हसत होती. एरवी धाकटीही हसली असती. त्या दिवशी तिचं टाळकंच सटकलं. काकू गेल्यावर ती ताईवर ओरडली, “तू लोकांना सांगतेस कशाला? मला स्वतःला कळत नाही मी काय करतेय ते!” ताईचं हसू विरलं. ती कुंडी खिडकीत ठेवून आली. धाकटीला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

मग तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. लेमा खरा ठरत नसेल, तर तो कुठे मोडतो ते तरी बघू. लांब फांद्यांच्या झाडांवर तो मोडेना. सारख्या लांबीच्या फांद्यांवरही नाही. शेवटी वैतागून तिने फांद्या आखडत नेल्या. खोड एक मीटर. त्याच्या टोकाला पाव मीटरच्या दोन फांद्या. मग त्यांच्याही पाव लांबीच्या चार. अशाच पुढे, दरवेळी संख्येने दुप्पट आणि लांबीने पाव. बेरीज केली तर सगळी मिळून जेमतेम दोन मीटर तार, आणि तरी टोकं अगणित. उष्णतेला आता त्या टोकांपर्यंत पोचायला अनंत अंतर तोडावं लागत नव्हतं. ती पोचत होती. पोचल्यावर पुढे काय?

सांधे त्याबद्दल काही सांगत नव्हते. टोकं बंद आहेत असं मानलं तर उष्णता झाडातच राहत होती आणि वर्णपटातला सगळ्यात लहान आकडा शून्य येत होता. टोकं उघडी मानली तर उष्णता तिथून गळून जात होती आणि तोच आकडा शून्याच्या वर चढत होता. झाड तेच, सांधे तेच, नियम तेच, आणि वर्णपट दोन. ‘कुठल्याही झाडासाठी’ हे शब्द साफ खोटे होते.

दुपारची वेळ होती. बाहेर कोणीतरी गवत कापण्याचं यंत्र चालवत होतं आणि त्याची घरघर थेट डोक्यात शिरत होती. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिने पेन्सिलला फळ्यापाशी ओढून आणलं.

“यातली चूक शोध. काहीही करून शोध.”

त्याने खरोखर जीव तोडून शोधली. बेरजा तपासल्या, अटी तपासल्या, एक अख्खी पेन्सिल संपवली. शेवटी खुर्चीत बसून म्हणाला, “बरोबर आहे गं. अभिनंदन.”

“अभिनंदन कसलं? माझा चौथा अध्याय गेला.”

सरांना या वेळी तिने खुर्चीवर बसायला लावलं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. चष्मा काढला.

“असलं झाड कोण घेतं?”

“निबंधात ‘कुठल्याही’ लिहिलंय, सर.”

“लिहिण्याच्या ओघात लिहिलं जातं तसं. तू असं कर, तुझ्या अध्यायात ‘योग्य अटी गृहीत धरून’ एवढं टाक आणि पुढे चल. प्रबंध वेळेत जायला हवा.”

“योग्य म्हणजे कोणत्या अटी?”

“अगं, परीक्षक विचारणार नाहीत.”

“मी विचारतेय.”

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. “हा लेमा किती जणांनी वापरलाय, कल्पना आहे तुला?”

“आहे ना. त्यातली एक मीच आहे.”

त्यावर त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो सुटका झाल्यासारखा उचलला.

विभागाच्या चर्चासत्रात तिची पाळी आली तेव्हा तिने चौथ्या अध्यायाऐवजी ते दोन मीटरचं झाड मांडलं. सरांचं नाव घेतलं नाही. ‘एक प्रचलित लेमा’ इतकंच म्हणाली. शेवटी पाहुण्या म्हणून आलेल्या एका प्राध्यापकबाईंनी मान डोलावली. “छान आहे. हे आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

धाकटीने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून सर उभे राहिले. “आम्हाला याची कल्पना होतीच,” ते हसून म्हणाले. “टोकांचा मुद्दा तसा किरकोळ आहे.”

आम्हाला! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. फळ्यासमोर ती नुसती खडू धरून उभी राहिली. मागच्या रांगेत पेन्सिलने कपाळावर हात मारला. अध्यक्षांनी आभार मानले, लोक चहाला पांगले.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

“सर, कल्पना होती तर मला इतके दिवस ‘शांतपणे बस’ का सांगितलंत?”

“पाहुण्यांसमोर काय बोलायचं होतं मी?” सरांचा आवाज चढला. “तुला काय हवंय? मी फळ्यापाशी जाऊन माफी मागू?”

“माफी नको. दुरुस्ती छापा. उद्या आणखी कोणी तरी याच वाक्यावर चौथा अध्याय बांधेल.”

टेबलावरची पेनं सरांनी उगाच एका रेषेत लावली. मग हळू आवाजात म्हणाले, “ते झाड नीट लिहून दे. दोघांच्या नावाने पाठवू.”

“माझं नाव आधी.”

सरांनी मान वर केली. क्षणभर ते पुन्हा भडकतील असं वाटलं. “बरं,” ते म्हणाले. “पण तुझा प्रबंध आता वर्षभर तरी लांबला, हे लक्षात घे.”

ते तिला माहीत होतं. संध्याकाळी तिने ताईला तसं सांगितलं तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. “जिंकले म्हणायचं की हरले, तेच कळत नाहीये गं.”

“आणि त्या माणसाने कबूल केलं?”

“माझ्यापुढे. चारचौघांत नाही.”

“मेला,” ताई म्हणाली आणि तिने धाकटीच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. धाकटी रडता रडता जेवली, पण पोटभर जेवली.

पुढे दुरुस्ती छापून आली, दीड पानाची. सर त्यानंतर तिच्याशी मोजकंच बोलत, पण भेटीची वेळ दिली की खुर्चीत बसून ऐकत. धाकटीने चौथा अध्याय मोडून दोन केले. पहिल्यात फांद्या एका ठराविक लांबीपेक्षा आखूड होणार नाहीत अशी अट घातली आणि जुना निकाल वाचवला. दुसऱ्यात तिने नवा प्रश्न घेतला: टोकं काही बंद, काही उघडी, काही अर्धवट, अशी किती तऱ्हांनी ठेवता येतील आणि प्रत्येक तऱ्हेचा वर्णपट काय?

सुरुवातीला एक युक्ती हाती लागली असं वाटलं. सकाळभर ती त्या युक्तीमागे धावली, फळा काठोकाठ भरला. जेवायच्या सुट्टीआधी पेन्सिलने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे तू टोकांची अदलाबदल केलीस. चालेल का?”

तिने पाहिलं. नव्हतं चालत.

“मरू दे,” असं म्हणत तिने फळा पुसला, हात झटकले आणि डबा घेऊन ती त्याच्याबरोबर खाली गेली.