ओकखालचा हंडा

खोक्याच्या तळाशी गुलाबी बर्फ होता. एका कोपऱ्यात साचून गोठलेला, आणि त्यावरचे ऑक्टोपस दबून चपटे झालेले. कंटेनरचा तापमापक प्रवासभर उणे एकोणीस दाखवत होता, पण बर्फ वेगळंच सांगत होता. माल जहाजावर चढण्याआधी एकदा वितळला होता, त्याचं पाणी खाली उतरलं होतं आणि मग तो पुन्हा गोठवला होता.

स्पेनमधल्या विगो बंदरावर परदेशी मासळी तपासायची नोकरी लागून मला वर्षही झालं नव्हतं. मी आणखी खोकी काढायला लावली. दाराजवळची, मधली, पार मागची. सगळ्यांत तोच कोपरा.

"उशिया, बर्फ तो बर्फ," आयातदार बाल्तासार म्हणाला. "गुलाबी काय नि पांढरा काय!"

"पांढरा असता तर एव्हाना सही केली असती."

"यातली वीस खोकी तुझ्या आईची आहेत, माहितीय ना? रविवारी जत्रा आहे, बाई. हंडा उकळला नाही तर तिची जागा गेली."

ते खरं होतं. आमच्या जत्रेत ऑक्टोपस शिजवणाऱ्या बायकांच्या जागा ठरलेल्या असतात. एका जत्रेला जिचा हंडा उकळला नाही, तिची जागा रांगेतल्या पुढच्या बाईला मिळते. ओकच्या झाडाखालची सगळ्यांत चांगली जागा आईला तिच्या आईकडून आलेली. तिच्यामागे रांगेत गटाराकडेला बसणारी दोसिंदा होती, आणि ती आईच्या जागेवर कधीपासून डोळा ठेवून होती. किनाऱ्यावर ऑक्टोपसची मासेमारी सध्या बंद होती, बाकीच्या आयातदारांचा माल आधीच ठरलेला. आईला दुसरीकडून काही मिळणार नव्हतं.

मी आधी माझ्या वरिष्ठांना, फान्दिन्यो साहेबांना, आईच्या खोक्यांचं सांगितलं आणि पुढची तपासणी त्यांनीच करावी म्हटलं. त्यांनी नमुने वितळवले, नुसत्या पाण्यात उकळले, झाकण उचललं आणि मान फिरवली.

"गोठा धुवायचा राहिलाय वाटतं."

प्रयोगशाळेत मोजलेला खराबीचा आकडाही मर्यादेच्या बराच वर आला. कंटेनर नाकारला. मी आईला फोन लावला.

"आई, तुझा माल परत चाललाय."

"वास कसला होता?"

"अमोनियाचा."

"मग मला काय विचारतेस?"

"विचारत नाहीये गं, सांगतेय."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

रविवारी ओककडे गेले ते आईची जागा गेलीच असं धरून. पण झाडाखाली धूर होता, आणि आईचा तांब्याचा हंडा खदखदत होता. आम्ही ऑक्टोपस शिजवण्याआधी उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून काढतो. त्याला 'घाबरवणं' म्हणतात. आईनं आकड्याला जाळी अडकवली होती आणि जाळीत बटाटे होते.

"घाबर रे बाबा, घाबर!" ती बटाट्यांना दटावत होती. बाकांवरचे लोक पोट धरून हसत होते.

तेवढ्यात दोसिंदा आली. "ओतिलिया, बटाटे? लाज आहे की नाही?"

"हंडा उकळला पाहिजे, एवढंच ठरलंय. उकळतोय ना?"

दोसिंदानं जत्रेच्या पंचांकडे पाहिलं. पंचांनी हंड्यात डोकावून पाहिलं, मान डोलावली आणि स्वतःसाठी एक ताटली मागितली.

"पण तुझा ऑक्टोपस गेला कुठं?"

आईनं आवाज रस्त्यापर्यंत पोचेल इतका चढवला. "परत पाठवला! माझ्या मुलीनं! विगो बंदरात माझ्या मुलीच्या सहीशिवाय घाण मासळी आत येत नाही!"

"चांगलीसुद्धा येत नाही, आई," मी पुटपुटले. माझे कान तापले होते.

दोसिंदा माझ्याजवळ सरकली. "आणि माझा माल कुणी बघितला होता गं?"

"मीच. मागच्या महिन्यात. उत्तम होता."

ती गटाराकडेच्या आपल्या जागेवर गेली. क्षणभरानं तिकडून आरोळी आली, "या, या! ओतिलियाच्या पोरीनं तपासलेला ऑक्टोपस!"

"ऐकलंस? माझ्या पोरीच्या नावावर धंदा करतेय, मेली," आई म्हणाली. मग बटाट्यांवर तेल आणि लाल मिरचीची पूड घालून तिनं पहिल्या गिऱ्हाइकापुढे लाकडी ताटली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच ती."