सात दिवस अडवलेलं कुंकू

माझा मुलगा धर्मराज साऱ्या जगाला विचारतो, फक्त ज्याच्यासाठी वस्तू आणायची त्याला सोडून. दुकानदाराला विचारील, पानवाल्याला विचारील, डंपरच्या ड्रायव्हरला विचारील, घरातल्या माणसाला नाही. टीव्ही आणला तो एवढा, की आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. कपडे धुवायचं मशीन आणलं, त्यात अख्ख्या आळीची धुणी मावतील. घरात माणसं चार. मोठी वस्तू ती चांगली, ही त्याची समजूत. बांधकामाचा धंदा उत्तम करतो, गावात मान आहे, पण पनवेलच्या बाजारात शिरला की त्याची अक्कल गाडीतच बसून राहते.

त्याच्या मुलीला, अंकिताला, नोकरी लागली तेव्हाची ही गोष्ट. जासईच्या अंगाला कंटेनरची मोठमोठी यार्डं आहेत. कंटेनर कुठे चेपलाय, कुठे गंजलाय, दाराचं रबर फाटलंय का, हे एकेकाभोवती फिरून बघायचं, फोटो काढायचे आणि उभ्या उभ्या लॅपटॉपवर लिहून पाठवायचं. आज जासई, उद्या द्रोणागिरी. मी तिच्या वयाची होते तेव्हा मिठागरात डोक्यावर पाटी घेऊन जायचे. ही डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून जाणार. मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. नजर लागते.

तिच्या साहेबाने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, आणि पहिला महिना परीक्षेचा. दिवसाचं काम दिवसात पोचलं नाही, तर महिन्यानंतर यायचं नाही.

पोर हुशार. कुठला लॅपटॉप पाहिजे त्याचं नाव तिने चिठ्ठीवर लिहून बापाच्या हातात दिलं. "पप्पा, हाच आणा हं. सव्वा किलोचा आहे, आणि एकदा चार्ज केला की दिवसभर पुरतो."

गुरुवारी धर्मराज चिठ्ठी खिशात घालून गेला, आणि तान्हं मूल झोपेल एवढं खोकं घेऊन आला.

ओटीवर खोकं उघडलं. आतून काळंकुट्ट धूड निघालं. बटण दाबल्याबरोबर अक्षरांखाली लाल, निळे, हिरवे दिवे पळायला लागले. आमच्याकडे हळदीला डीजेवर असतात, अगदी तसे.

"गेमिंगचा हाय," धर्मराज म्हणाला. "दुकानातला सगळ्यात भारी."

"पण पप्पा, मी गेम खेळत नाही."

"नको खेळू. ताकद बघ ना याची! डंपर घेताना माणूस इंजिन बघतो."

मी म्हटलं, "भाजी आणायला डंपर नेतोस का रे?"

"आये, तुला यातलं काय कळत नाय."

ठीक आहे, म्हटलं. हे वाक्य मी पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

अंकिता हळूच म्हणाली, "चिठ्ठीतला नव्हता का दुकानात?"

"होता. बघितला मी. पापडासारखा! धर्मराजची पोरगी असला घेऊन चार लोकांत जाणार? न्यायचा तर हाच ने. नायतर नोकरीबिकरी राहू दे. घरात तुला काय कमी हाय?"

एवढं ऐकल्यावर पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. बोलली तर नोकरी जाणार, आणि न बोलता हे धूड घेऊन गेली तरी महिन्याने जाणार. मला ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. बापाला मात्र हिरवे दिवे दिसत होते.

तेवढ्यात माझी सून आशालता ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ. आमच्या घरात मोटारसायकल येवो नाहीतर मोबाइल, आधी कुंकू लागतं, नारळ फुटतो, मग वापर. दोन वर्षांमागे फ्रिज आणला, त्याच्या दारावर कुंकू तेलात कालवून हे एवढं स्वस्तिक काढलं. फ्रिज काही थंड होईना. दुकानदार म्हणाला, डाग पडलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. तो फ्रिज आता मागच्या खोलीत उभा आहे, त्यात आम्ही तांदूळ ठेवतो.

मी अंकिताला विचारलं, "पावतीवर काय लिवलंय गं?"

"सात दिवसांत बदलून मिळेल, आजी. डाग, ओरखडा नको."

मी ताटावर हात ठेवला. "आज नाय. आज दिवस बरा नाय."

"कोण म्हणतो?" धर्मराजने विचारलं.

"मी म्हणते. पूजा बुधवारी."

या घरात बरा दिवस, वाईट दिवस मी सांगते. मी दिनदर्शिकेकडे बघितलंसुद्धा नव्हतं. देव समजून घेईल, त्याला पण घर चालवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे आणायला गच्चीवर गेले. अंकिता पाठीला सॅक लावून गोल गोल फिरत होती. सॅकमध्ये ते धूड, त्याचा चार्जर, हेल्मेट, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. चार फेऱ्या झाल्या की पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर.

"काय करतेस?"

"सवय करते, आजी."

सवय म्हणे! मी तिचा कुडता जरा सरकवून बघितला. पट्ट्याचा लालभडक वळ उठला होता.

मला माझी पाटी आठवली. मिठाची पाटी भरून डोक्यावर चढवताना कुणालाच जड वाटत नाही. नवी बाई तर हसत हसत उचलते. म्हणून आमचा मुकादम नव्या बाईला सकाळी कधी विचारायचा नाही, झेपतं का म्हणून. बांधावरून राशीपर्यंत शंभर खेपा झाल्या, ऊन उतरलं, की मग विचारायचा, आणि तेव्हा जे उत्तर येईल ते खरं धरायचा. धर्मराजने हा लॅपटॉप उचलला होता एकदा, दुकानापासून गाडीपर्यंत.

जेवायला बसल्यावर मी त्याला गोड आवाजात म्हटलं, "धर्मा, एवढा भारी लॅपटॉप आणलास, घरात काय झाकून ठेवायचा? रविवारी उलव्याच्या साइटवर ने. माणसांना दाखव."

तो फुलला. "मी तेच म्हणणार होतो."

"मी पण येते. पण तिथं तू अंकिता व्हायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, हीच सॅक, हाच डबा, खांद्यावरनं उतरवायची नाय. सात मजले फिरायचे. एकेक खिडकी बघायची, कुठं तुटलीय, कुठं चिरलीय, उभ्यानं लिवायची. पोरीला जमायला पाहिजे ना, मग आधी बापानं करून दाखवावं."

"त्यात काय!" तो म्हणाला, आणि आणखी एक भाकरी मागितली.

रविवारी निघताना मी त्याच्या हातात धुतलेला पंचा दिला. "लॅपटॉप कुठंही टेकवशील तर खाली हा घाल." त्याला आईची माया वाटली. मला ओरखडा शोधणारा दुकानदाराचा चष्मा दिसत होता.

उलव्याच्या त्या इमारतीला अजून लिफ्ट बसली नव्हती. मी खाली वॉचमनच्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. बाप-लेक वर गेले. पहिल्या मजल्यावरून धर्मराजचं हसणं ऐकू येत होतं, फरशीवाल्यांना दिवे दाखवत होता. दुसऱ्या मजल्यावर हसणं थांबलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तो दिसला. डाव्या हातावर लॅपटॉप, नव्या बाळाला धरावं तसा, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं शोधतोय. मी खालून ओरडले, "दमलास का रे?"

"नाय! हे मेलं ओरडतंय कशाला तेवढं बघतोय!"

आतला पंखा घरघरत होता, तो मला खाली ऐकू आला.

सव्वाबारा वाजता अंकिता आणि तिच्यामागून तो खाली आला. शर्ट पाठीला चिकटलेला. चौथ्या मजल्याच्या चारच खिडक्या झाल्या होत्या.

"आये, चार्जिंग संपलं. जरा वायर लावतो."

"यार्डात भिंत कुठाय वायर लावायला?"

"अगं पण..."

"अंकिता कंटेनरला लावंल का वायर?"

त्याने सॅकमधून चार्जर काढला. मी तो हातात घेऊन बघितला. बांधकामाच्या जागी वीट ओळखायला मला शाळा लागत नाही.

"ही वीट पण सकाळपासनं तुझ्याच खांद्यावर होती ना?"

धर्मराज डबा उघडून जेवायला बसला. जेवताना डावा खांदा सारखा फिरवत होता.

मग मी अंकिताला खूण केली. तिची मैत्रीण अनुया हिच्याकडे चिठ्ठीतलाच लॅपटॉप होता, तो मी आदल्या दिवशीच मागून आणायला लावला होता. पोरीने त्याच सॅकमध्ये तो टाकला, हेल्मेट घातलं आणि जिना चढली. मी तिला फक्त चौथ्या, पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यावर खिडकीत येता-जाता बघितलं. पट्टा एकाच खांद्यावर होता. चारच्या सुमाराला ती वरचं सगळं उरकून परत पहिल्या मजल्यावर दिसली.

"आता तिथं काय?" धर्मराजने विचारलं.

"तू केलेलं तपासतेय," मी म्हटलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती खाली आली. लॅपटॉप बापासमोर धरला. "पप्पा, सगळ्या खिडक्या झाल्या. नऊ ठिकाणी खिडकीखालचा दगड चिरलाय, त्यातले चार तुमच्याकडून राहिले होते. आणि सहाव्या मजल्यावर दोन बाथरूमच्या खिडक्या उलट्या बसवल्यात, उघडल्या की नळावर आपटतात. प्रत्येकाचा फोटो आहे."

धर्मराज वाचायला लागला. वाचता वाचता उभा राहिला. मग त्याने खिडक्यांच्या कंत्राटदाराला, महादेवला, अशी हाक मारली की वॉचमनची कुत्री पळाली. महादेव आला, फोटो बघितले, मान खाली घातली. महिनाभर धर्मराज त्या जिन्याने रोज जात-येत होता. त्याला एक खिडकी दिसली नव्हती.

"हे तू शोधलंस?" त्याने मुलीला विचारलं. आवाज वेगळाच होता.

"माझं कामच आहे ते, पप्पा."

"आणि चार्जिंग?"

"अजून अर्धं आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. आपली मुलगी नोकरीला का जाते हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही. शहाणा आहे.

सोमवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने धूड उलटसुलट केलं, दिव्याखाली धरलं, बोट फिरवलं. डाग नाही, ओरखडा नाही, कुंकवाचा कण नाही. मी पदर सावरून बसले होते.

"काही बिघडलं का यात?" त्याने विचारलं.

"यंत्रात खोट नाय," मी म्हटलं. "एका जागी टेबलावर बसून खेळणाऱ्याला द्या, तो तुमाला दुवा देईल. आमची पोरगी उन्हात फिरणारी हाय. तिनं लिवलेला तो द्या."

त्याने बदलून दिला. मी तो एका हाताने उचलून घरापर्यंत मांडीवर ठेवला. तवा-पोळपाट त्याच्यापेक्षा जड.

बुधवारी, मी सांगितलेल्या बऱ्या दिवशी, पूजा झाली. कुंकू मी स्वतः लावलं, झाकणाच्या कोपऱ्यात, तिळाएवढं. तेवढ्यात शेजारचा काशिराम आला. लॅपटॉप बघून म्हणाला, "काय धर्मा, तुझ्या घरात एवढीशी वस्तू? मला वाटलं ट्रकमधनं उतरवशील."

आणि माझा लेक छाती काढून म्हणतो कसा, "काशिरामभाऊ, एवढासा हाय पण दिवसभर चालतो! मी सात मजले फिरून तपासला. आपली निवड हाय ही."

आशालताने तोंडाला पदर लावला. अंकिता माझ्याकडे बघायला लागली. मी नारळ धर्मराजच्या हातात दिला, पण सोडला नाही, आणि काशिरामलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"धर्मा, निवड पोरीची. कुंकू मी अडवलं. तू काय केलंस? तू भार वाहिलास, आणि ते काम तू बरं केलंस, म्हणून नारळ तुझ्या हातानं फोडू देते. पण याच्यापुढं या घरात काय आणायचं झालं, तर दुकानात पुढं अंकिता चालंल, आणि मागनं तू पिशवी धरशील. फोड आता."