तोंड दाराकडे

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझी कीव करायला कुणी बसलं असेल तर त्यांनी उठावं. ज्या खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती मी नव्हे. मी दाढी-कटिंगच्या दुकानातली. माझ्यावर बसलेला माणूस काम झालं की आपणहून उठतो, वर आरशात बघून खूशही होतो. हे भाग्य त्या दुसऱ्या खुर्चीच्या नशिबी नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. पाय बिडाचा, सांगाडा लोखंडी, अंगावर लाल रेक्झिन आणि डोकं टेकायला वरखाली सरकणारी उशी. बुडाशी तेलाचा पंप आहे. त्याचा दांडा पायाने दाबला की गिऱ्हाईक हळूहळू वर चढतं. जन्मात दुसरी कुठलीच बढती न मिळालेली कितीतरी माणसं मी अशी वर चढवली.

मालकांनी मला आणलं ते त्यांच्या लग्नाच्या वर्षी. म्हणजे मालकीणबाई आणि मी या घरात जोडीनेच आलो. मागे दोन खोल्या, पुढे दुकान, मध्ये एक पडदा. मालकांचा हात असा हलका, की गिऱ्हाइकं वस्तऱ्याखाली घोरायची. त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक उठलं की मला फिरवून माझं तोंड दाराकडे करायचं. "रिकामी खुर्ची आरशात बघत बसली की तिला आपलाच रिकामेपणा दिसतो," ते म्हणायचे. "दाराकडे बघत असली की कुणीतरी येतं."

पुढे एका सकाळी दुकानाची पाटी पुसताना शिडी सरकली आणि मालक उजव्या कोपरावर पडले. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण हाताची थरथर काही गेली नाही. थरथरत्या हाताने सही करणारा साहेब चालतो. थरथरत्या आवाजात गाणाऱ्याला तर दादही मिळते. पण थरथरत्या वस्तऱ्यापुढे गळा पुढे करणारा भक्त अजून जन्मायचा आहे. गिऱ्हाइकं चांगली होती, रस्त्यात भेटली की तब्येतीची चौकशी करायची. फक्त त्यांच्या दाढ्या दुसरीकडून झालेल्या असायच्या.

एका संध्याकाळी मालकांनी माझं तोंड आरशाकडे केलं आणि पडद्याआड गेले. सकाळी मालकीणबाई आल्या, मला पाहिलं, पुन्हा दाराकडे फिरवलं. मग दार उघडलं, आरसा पुसला, पाणी तापत ठेवलं. कुणासाठी, हे मला कळेना. त्यांनाही माहीत नव्हतं.

वर बघून त्या म्हणाल्या, "देवा, ह्यांचा उजवा हात दे. नाहीतर तुला काय द्यायचं ते दे, कधी द्यायचं तेव्हा दे. तू उशीर कर, मी दुकान वेळेवर उघडते. फक्त दुकान बंद कर म्हणू नकोस, ते मी ऐकायची नाही."

प्रार्थनेत इतका दम असतो हे मला माहीत नव्हतं. मी आपली लोखंडाची, माझा विश्वास पटकन बसत नाही. पण मी जे पाहिलं ते सांगते. घर चालायचं ते मालकीणबाई एका लॉजच्या चादरी धुवायच्या त्यावर. एकदा लॉज रंगकामाला बंद झालं आणि इकडे पिठाचा डबा तळाला गेला. त्याच दुपारी एक जुनं गिऱ्हाईक पिठाची पिशवी घेऊन दारात हजर. "मुलाकडे चाललोय राहायला. घरात ठेवलं तर किडे पडतील. ठेवून घ्या."

मालकीणबाईंनी वर बघितलं. मालक चिडले. "त्यात वर काय बघतेस? त्याला मुलाने बोलावलं म्हणून दिलं त्याने."

"आणि मुलाला आजच कुणी सुचवलं?"

मालकांनी डाव्या हाताने पिशवी आत ओढली. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी त्यात पडले नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. अख्ख्या बाजाराच्या दाढ्या केलेल्या माणसाने स्वतःची दाढी वाढवली. दिवसभर बाकावर बसायचं आणि भिंतीशी अबोला धरायचा. एका सकाळी मालकीणबाई गरम पाणी घेऊन आल्या.

"अहो, बसा खुर्चीवर."

"कशाला?"

"दुकानात बसणाऱ्या माणसाची दाढी वाढलेली चालायची नाही."

"दुकान कुठं राहिलंय?"

"मी उघडलंय की."

मालक बसले. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांचा गाल असा काही खरवडला की तुरटीचा खडा झिजला. मालक ओरडले, "अगं, बटाटा सोलतेयस का? वस्तरा झोपव. उभा धरू नकोस. कातडी ताण आधी." कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा फेस, पुन्हा शिव्या. पुढे पुढे शिव्या कमी झाल्या. मग एके दिवशी मालक माझ्यावर घोरले.

मी चमकले. माझ्या हातांवर टेकलेली गिऱ्हाइकाची बोटं आवळलेली आहेत की सैल, यावरून मला वस्तऱ्यामागचा हात कळतो. पण त्या दोघांना यातलं काही कळलं नव्हतं. मालकीणबाई समजत होत्या की आपण नवऱ्याचं तोंड स्वच्छ ठेवतोय आणि त्याच्या हाताची वाट बघतोय. दाढी आटोपली की मला दाराकडे फिरवायच्या, पंपात दोन थेंब तेल सोडायच्या आणि चादरी धुवायला बसायच्या.

मालकांचा धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्तीवाला. माणूस वाईट नव्हता, फक्त व्यवहारी होता. त्याला ही जागा हवी होती.

"वहिनी, आशेवर घर चालत नाही."

"घर मी धुण्यावर चालवते, भावजी. आशेवर फक्त दुकान उघडते."

"आणि ही खुर्ची? अख्खी जागा अडवून बसलीय."

"बसणारच. खुर्ची आहे ती."

त्याने मग भावाला गाठलं. मालक थकले होते. "ने," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी भंगारवाल्याला घेऊनच आला. मालकीणबाई आतून गरम पाणी आणि फेसाची वाटी घेऊन येत होत्या. मालक बाकावर मान खाली घालून बसलेले. मला उचललं की दुकान गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकीणबाईंनी वर बघितलं.

भंगारवाला धिप्पाड गडी, गालावर खुंटांचं रान. "पंप चालतो का बघू," म्हणत तो माझ्यावर बसला आणि दांडा दाबला. मी त्याला झोकात वर घेतलं. श्रेय माझं नाही, तेल वेळच्या वेळी पडलं होतं. पहाटेपासून गाडी ढकलून दमलेला माणूस. मान मागे टेकवली, डोळे मिटले.

आणि मालकीणबाईंचं चुकलं. त्यांचं सगळं ध्यान वर, आणि हात सवयीचे गुलाम. त्या वेळेला खुर्चीवर दाढीवाला माणूस म्हणजे फेस लावायचा, एवढंच हातांना ठाऊक. त्यांनी त्याच्या गळ्याला कापड बांधलं, ब्रश फिरवला. अर्धा गाल पांढरा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा गाल आपल्या घरचा नाही.

"वहिनी, हे काय चाललंय?" भावजी म्हणाला.

भंगारवाल्याने डोळे उघडले नाहीत. "राहू द्या हो. बरं वाटतंय."

मालकीणबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताकडे. तो स्थिर होता. मालक बघत राहिले, हरवलेली वस्तू शेजारच्याच कोनाड्यात सापडावी तसे.

"पातं नवीन घाल," ते म्हणाले.

दाढी झाली. माझ्या हातावरची त्या गड्याची बोटं शेवटपर्यंत सैल होती. उठला, आरशात बघितलं, हनुवटीवरून हात फिरवला.

"काय करायचं मग हिचं?" भावजीने विचारलं.

"ही मी नेत नाही. मी भंगार नेतो. ही चालू खुर्ची आहे."

दुसऱ्या दिवशी तो त्याच्यासारखेच चार गाडीवाले घेऊन आला. मग काही जण गंमत बघायला आले. एक जण दारातूनच म्हणाला, "आता बाई दाढी करणार का?" मालकीणबाई वस्तरा पुसत म्हणाल्या, "भीती वाटत असेल तर बाकावर बसा. ह्या शूर लोकांचं आटपलं की बोलावते." तो बसला. महिन्यातून दोनदा अजून बसतो. भावजीसुद्धा बसतो. त्याला मुद्दाम जरा ताटकळत ठेवतात.

मालकांचा हात आजही थरथरतो. तो काही देवाने परत दिला नाही. मालक डाव्या हाताने फेस करतात आणि बाकावरून सूचना देतात, ज्या आता कुणी ऐकत नाही. शहाणी माणसं म्हणतात, हा योगायोग. असेल. पण मित्रांनो, योगायोगालासुद्धा आत यायला उघडं दुकान लागतं. मागितला एक हात, मिळाला दुसरा, आणि तो घडत होता नेमका त्या महिन्यांत, जेव्हा आम्हाला वाटत होतं की वर कुणी ऐकतच नाही.

तेव्हा तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल, लोखंडाचं किंवा हाडामांसाचं, तर त्याला मोडीत काढायची घाई करू नका. वेळच्या वेळी दोन थेंब तेल सोडत जा. आणि दिवस वाईट आले तर तोंड आरशाकडे करू नका.

आत्ता दुकान रिकामं आहे. पाणी तापलंय. आणि माझं तोंड कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.